मुकादमाची वही आणि हातातला स्कॅनर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रविवारची पुरवणी आपण रविवारी निवांत बसून वाचतो, यात आपल्याला काही नवल वाटत नाही. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला हा निवांतपणा १८९० सालापर्यंत ठाऊक नव्हता. त्या वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची सहा वर्षांची खटपट होती. लोखंडे यांचा जन्म ठाण्याचा. काही काळ ते गिरणीत नोकरीला होते, पुढे 'दीनबंधू'चे संपादक झाले. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा घेतली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला.

त्या अर्जातल्या मागण्या आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. हजेरी, पगार, रजा आणि इजा. कोणत्याही कंपनीतल्या एचआर खात्याच्या टेबलावर आजही याच चार गोष्टी असतात. फरक एवढाच, की १८८४ साली असे टेबलच नव्हते. हा अर्ज कोणापुढे ठेवायचा, हाच प्रश्न होता.

'डिजिटल युगात मनुष्यबळ अधिकाऱ्याला कोणती कौशल्ये हवीत?' हा प्रश्न हल्ली व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात विचारला जातो. उत्तरे ठरलेली असतात : माहितीचे विश्लेषण, नवी सॉफ्टवेअर, कृत्रिम बुद्धिमत्ता. ती चुकीची नाहीत. पण या पेशाला इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या दाराशी, मुंबई-ठाण्यात घडला आहे. तो पाहिला तर प्रश्नाचे स्वरूप थोडे बदलते. त्यासाठी मी भिवंडी निवडली आहे. भिवंडीत यंत्रमाग आहेत आणि भिवंडीतच देशातली काही मोठी गोदामे आहेत. त्यामुळे माणसे कामाला लावण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी पद्धत, दोन्ही तिथे तासाभराच्या फेरीत पाहायला मिळतात.

आधी गिरणगावात जाऊ. मुंबईत पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि दोन वर्षांनी ती सुरू झाली. गिरण्या वाढल्या, तशी हजारो माणसे लागू लागली. ती आणायची कोणी? मालक माडीवर, गोरा किंवा पारशी मॅनेजर कार्यालयात. कामगार रत्नागिरीचा, साताऱ्याचा, घाटावरचा. दोघांच्या मधे उभा राहिला तो जॉबर, म्हणजे मुकादम. बायकांच्या खात्यात नायकीण. मुकादमाने गावाकडून माणसे आणायची, त्यांना साच्यावर उभे करायचे, काम शिकवायचे, यंत्र बिघडले तर दुरुस्त करायचे, कोण आला कोण नाही ते पाहायचे, रजा द्यायची आणि वाटले तर काढूनही टाकायचे. भरती, प्रशिक्षण, हजेरी आणि शिस्त ही सगळी खाती एकाच माणसाच्या टोपीखाली होती.

त्याची सत्ता गिरणीच्या फाटकाशी संपत नसे. चाळीत खोली मिळवून देणारा तोच, अडीअडचणीला व्याजाने पैसे देणारा तोच, आणि नोकरी लावताना दस्तुरी घेणाराही तोच. संप फोडायचा तर मालकाला मुकादम लागे, आणि संप उभा करायचा तर कामगारांनाही अनेकदा मुकादमच लागे. त्याला नुसता खलनायक ठरवणे सोपे आहे, पण खरे नाही. मुकादम कामगाराला नावाने ओळखत होता. कोणाची बायको बाळंतपणाला गेली आहे, कोणाच्या गावी पेरणी आली आहे, कोणाला दारूचे व्यसन आहे, हे त्याला न विचारता ठाऊक असे. या ओळखीवरच तो पैसे काढत होता, ही गोष्ट वेगळी.

ओळखीने भरती म्हणजे आपल्याच माणसांची भरती. मुकादम ज्या गावचा, ज्या जातीचा, त्या गावाची आणि जातीची माणसे त्याच्या खात्यात जास्त. यातला सर्वांत कठोर भाग साचेखात्यात होता. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात घेतच नसत. विणकराचा पगार इतर बऱ्याच खात्यांपेक्षा चांगला होता आणि तो दरवाजाच बंद होता. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कुठल्याही गिरणीच्या नियमावलीत ही बंदी लिहिलेली नव्हती. भरती करणाऱ्यांच्या सवयीत ती होती. हा मुद्दा लक्षात असू द्यावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

१९२९ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला एक शाही आयोग नेमला. अध्यक्ष जॉन हेन्री व्हिटली, म्हणून तो व्हिटली आयोग. आपले ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ मध्ये आलेल्या अहवालाने मुकादमाच्या सत्तेवर नेमके बोट ठेवले आणि कामावर घेण्याचा व काढण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घ्यावा, असे सुचवले. मग ते काम करायचे कोणी? प्रत्येक मोठ्या कारखान्यात 'लेबर ऑफिसर' नेमावा. तो फक्त जनरल मॅनेजरला जबाबदार असावा, खात्यातल्या दुसऱ्या कोणाला नाही. त्याची निवड काळजीपूर्वक व्हावी. त्याच्या अंगी कोणते गुण असावेत, हेही आयोगाने सांगितले : सचोटी, व्यक्तिमत्त्व, कामाचा उत्साह, एकेक माणूस समजून घेण्याची हातोटी आणि भाषा बोलण्याची तयारी.

या पेशासाठी आपल्याकडे तयार झालेली कौशल्यांची ही बहुधा पहिली अधिकृत यादी. ती वाचताना मला दोन गोष्टी खटकत नाहीत, उलट आवडतात. एक, 'कामगारांकडून जास्त काम काढून घेण्याची क्षमता' तिच्यात नाही. दुसरी, भाषा तिच्यात आहे. कामगार ज्या भाषेत रडतो ती भाषा अधिकाऱ्याला यायला हवी, हे साहेबाच्या आयोगाला कळले होते.

अहवाल बरेचदा कपाटात जातात, पण हा पूर्ण गेला नाही. १९३४ मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक तंटे समेटाचा कायदा केला आणि गिरणी कामगारांच्या गाऱ्हाण्यांसाठी सरकारी लेबर ऑफिसर नेमला. पाठोपाठ गिरणी मालक संघानेही स्वतःचा नेमला. यामागे नुसता कळवळा नव्हता. कामगार लाल बावट्याखाली जातो आहे ही धास्ती त्यात मोठी होती. १९३५ पासून बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत सुरू झाली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्ड मिळे. रोज सकाळी फाटकावर यायचे आणि जागा रिकामी असेल तर कार्डवाल्याला आधी घ्यायचे. मुकादमाच्या मर्जीऐवजी एक कागद आला. कागदालाही वशिला लागतो, हे कामगारांच्या लवकरच लक्षात आले, पण कागद दाखवून भांडता येते हेही लक्षात आले.

मग शिक्षण आले. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. हीच संस्था १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, आपली 'टिस'. १९४७ मध्ये सरकारने बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट काढली. आज परळला असलेल्या त्या संस्थेला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. थोडक्यात, या पेशाचा जन्म समाजकार्याच्या घरातला आहे. आजच्या एचआरच्या मंडळींना हे सांगितले की ती थोडी चपापतात.

पुढची पाटीबदलाची गोष्ट भराभर सांगतो. लेबर ऑफिसरचा पर्सोनेल मॅनेजर झाला. १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रो कंपनीत उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांच्या सल्ल्याने 'मानव संसाधन विकास' हे खाते निघाले. आपल्या देशातले ते पहिले मानले जाते. १९८० मध्ये कोलकात्याची आणि मुंबईची अशा दोन व्यावसायिक संस्था एकत्र येऊन राष्ट्रीय कार्मिक व्यवस्थापन संस्था झाली. १९८५ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याचेच नाव मनुष्यबळ विकास झाले, ते २०२० मध्ये पुन्हा शिक्षण झाले. माणसाला 'बळ' म्हणावे की 'संसाधन', यावर भाषेच्या अंगाने पुष्कळ बोलता येईल. अश्वशक्ती आणि मनुष्यबळ हे शब्द एकाच साच्यातले वाटतात. असो.

आता भिवंडी. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ नंतर, उत्तर हिंदुस्थानातली मोमीन विणकर कुटुंबे दक्षिणेकडे आली आणि मालेगाव, भिवंडी, मुंबईच्या मदनपुऱ्यात वसली. हातमाग होते, पुढे विजेचे माग आले. महाराष्ट्रात यंत्रमागाचा मान इचलकरंजीचा. तिथे विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला माग आणला. भिवंडीत हे पर्व १९३० च्या दशकात सुरू झाले. गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग घ्यायचे, एका गाळ्यात बारा-चोवीस बसवायचे, सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, मजुरी आपली. पाहता पाहता मागांची संख्या लाखांत गेली.

गिरणगावात जे ऐंशी वर्षांत घडले ते इथे का घडले नाही? त्याचे उत्तर बरेचसे एका आकड्यात आहे. १९४८ चा कारखाने कायदा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असतील तरच लागू होत असे. मग एका छपराखालचे माग भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर वाटले गेले. कागदावर चार छोटे कारखाने, प्रत्यक्षात एकच खडखडाट. पाचशे कामगारांवर कल्याण अधिकारी येणार होता; इथे कागदावर दहासुद्धा कामगार नव्हते. त्यामुळे लेबर ऑफिसर नाही, बदली कार्ड नाही, पर्सोनेल मॅनेजर नाही. मालक आणि त्याची वही सांभाळणारा मेहता, बस्स. काम बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत, एकेका माणसाकडे चार-सहा माग, आणि मजुरी मीटरवर. तागा मोजायचा, डाग असेल तर कापायचे, आधी दिलेली उचल वळती करायची आणि उरले ते हातावर ठेवायचे. कामगार उत्तर प्रदेशचा, बिहारचा, तेलंगणाचा. त्याला गावाहून आणणारा त्याचाच कोणी नातलग. जेवण खानावळीत, झोप अनेकदा मागांच्याच शेजारी.

याला अन्याय म्हणून सोडून देता येईल, पण आर्थिक हिशेबही पाहायला हवा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या काळात गिरण्यांचे शिक्के मारलेले कापड बाजारात येतच राहिले, कारण ते भिवंडीत विणून घेतले जात होते. नियमात बांधलेला कामगार रस्त्यावर, आणि ज्याचे नाव कुठल्याही मस्टरवर नाही तो त्याच्या जागी बारा तास मागावर. हा संप कोणी अधिकृतपणे मागेही घेतला नाही, तो विरून गेला. गिरणगावाबरोबर लेबर ऑफिसरांची एक पिढी ओसरली आणि काम तिथे गेले जिथे लेबर ऑफिसर कधी पोचलाच नव्हता.

संगणकाची कथा याच सुमारास वेगळ्या वाटेने येत होती. ऑफिसच्या कामासाठी पहिला संगणक वापरला तो इंग्लंडमधल्या लायन्स या चहाची दुकाने चालवणाऱ्या कंपनीने, १९५१ मध्ये. १९५४ पासून तो त्यांच्या नोकरांचा पगार काढू लागला. म्हणजे या यंत्राच्या पहिल्या घरगुती कामांत पगारपत्रक आहे. आपल्याकडे साठच्या दशकात विमा आणि तेल कंपन्यांत संगणक आले तेव्हा नोकऱ्या जाणार म्हणून मोठा विरोध झाला. सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनावर समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ चा. वाद सगळा संख्येचा होता : किती माणसे कमी होतील? यंत्र एक दिवस माणसाला सूचना देईल, त्याचे काम मोजेल आणि तो कामाचा आहे की नाही हे सुचवेल, ही कल्पना त्या वादात फारशी कोणी केलेली दिसत नाही.

ते भिवंडीच्या वेशीवर घडले. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, मुंबई-आग्रा रस्त्यावर, न्हावा-शेव्याच्या बंदराला सोयीची अशी ही जागा. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली या आगरी वस्तीच्या गावांत भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. जून २०१३ मध्ये ॲमेझॉनने भारतात विक्री सुरू केली ती भिवंडीच्या गोदामातून. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवण्याची गरज उरली नाही, आणि अजस्र गोदामे वाढली. यंत्रमागांचा खडखडाट मंदावत असताना त्याच तालुक्यात ट्रकांची रांग लागली.

अशा गोदामात कामगाराच्या हातात स्कॅनर असतो. कुठल्या मांडणीतून कुठली वस्तू काढायची हे तो सांगतो, काढली की नोंद होते. तासाला किती वस्तू, हे कोणी उभे राहून मोजावे लागत नाही. फाटकावर अंगठा किंवा चेहरा, पगार बँकेत, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक २०१४ पासून कायमचा एकच. गैर काही नाही; लोखंड्यांना हे सांगितले असते तर पगाराची तारीख ठरली म्हणून त्यांना आनंदच झाला असता. अडचण दुसरीकडे आहे. हा कामगार बहुधा कंत्राटदाराच्या पटावर असतो, यंत्र कंपनीचे असते, गोदाम तिसऱ्याचे आणि सॉफ्टवेअर चौथ्याचे. स्कॅनरने त्याला संथ ठरवले, तर विचारायचे कोणाला? मुकादमाच्या दारात निदान जाऊन बसता येत होते.

इथे एका अस्सल मराठी प्रयोगाची आठवण करून दिली पाहिजे. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडींना मालक नव्हता. आज या दुकानात, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. कामगार मंडळाकडे नोंदायचा, मालकही मंडळाकडे नोंदायचा. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचे पैसे द्यायचे. मालक अनेक, पण हिशेब एक. आज ॲपवर काम करणाऱ्यांसाठी जगभर जी व्यवस्था शोधली जाते आहे, तिची बरीचशी आखणी आपल्याकडे संगणकाशिवाय, तोळ्यांच्या आणि टोळ्यांच्या हिशेबाने झाली होती. तिच्यात दोष शिरले. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितली जाते अशा गोदामवाल्यांच्या तक्रारी आहेत, आणि त्या सगळ्याच खोट्या नाहीत. तरीही मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पदविकेत हा कायदा एका परिच्छेदात संपवतात, हे मला दुर्दैवाचे वाटते.

या साऱ्याची परीक्षा २०२० मध्ये झाली. २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली. माग थांबले, म्हणजे मीटर थांबले, म्हणजे मजुरी थांबली. खानावळी बंद. भिवंडीतून बाहेर पडणारा नाशिक रस्ता चालणाऱ्यांनी भरला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे विशेष गाडी सुटली. त्या गाडीत बसायला याद्या लागत होत्या : नाव, आधार क्रमांक, गाव, वैद्यकीय दाखला. आणि याद्या करायला बसल्यावर उघड झाले, की ज्यांच्याकडे असायला हव्यात त्यांच्याकडे त्या नव्हत्या. मेहत्याच्या वहीत पहिले नाव आणि उचलीची रक्कम. गाव कुठले, जिल्हा कुठला, घरी कोण, काही नाही. पोलीस ठाण्यांसमोर अर्जांच्या रांगा लागल्या. ज्या माणसांनी वर्षानुवर्षे या शहराचे कापड विणले, त्यांना आपण इथे कामाला होतो हे सिद्ध करायला कागद नव्हता. पुढल्या वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, केंद्राने असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम सुरू केले. व्हिटली आयोगानंतर नव्वद वर्षांनी.

श्रोतेहो, आता त्या १९३१ च्या यादीकडे परत जाऊ आणि एकेक गुण आजच्या गोदामात नेऊन पाहू.

सचोटी घ्या. पूर्वी तिचा अर्थ दस्तुरी न घेणे एवढा होता. आज अधिकाऱ्याकडे हजारो माणसांचे अंगठे, चेहरे, बँक खाती, आजारपणे, घरचे पत्ते असतात. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. यादी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, कर्ज देणाऱ्या ॲपवाल्याने पगाराची माहिती मागितली तर काय उत्तर द्यायचे, नोकरी सोडलेल्याची माहिती किती दिवस ठेवायची, हे ठरवणारा हात बहुधा पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाचा किंवा मुलीचा असतो.

माणूस समजून घेण्याची हातोटी घ्या. वर्षानुवर्षे सूत आणि खोकी हाताळणाऱ्या बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशन दुकानाच्या यंत्रापुढे उभी राहिलेली कष्टकरी बाई हे चांगले जाणते. यंत्राने अंगठा नाकारला म्हणजे माणूस आला नाही, असे नाही. पण पडद्यावर 'गैरहजर' दिसत असताना समोर उभ्या माणसाला हजर मानायला धाडस लागते. इंग्लंडमध्ये पोस्ट खात्याने १९९९ पासून होरायझन नावाची संगणक प्रणाली आणली. तिच्या हिशेबात तूट दिसू लागली, आणि खेड्यापाड्यांतल्या नऊशेहून अधिक पोस्टचालकांवर चोरीचे, अफरातफरीचे गुन्हे शाबीत झाले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. चूक प्रणालीत होती. २०२४ मध्ये त्यांच्या शिक्षा रद्द करायला पार्लमेंटला कायदा करावा लागला. वर्षानुवर्षे शेकडो माणसे एकच सांगत होती, पण प्रत्येकाला वाटत होते की अडचण आपल्या एकट्याची आहे. तक्रारींचे आकडे एकत्र मांडून पाहणारा कोणी आत बसलेला असता तर त्याला काही महिन्यांत शंका आली असती. आकडेवारीचे ज्ञान म्हणतात ते यासाठी हवे.

आणि ती साचेखात्याची गोष्ट. ॲमेझॉन कंपनीने २०१४ च्या सुमारास अर्ज चाळणारी एक प्रणाली बनवायला घेतली. तिला शिकवायला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज दिले. त्यात पुरुष जास्त होते, म्हणून यंत्र पुरुषच बरे असे शिकले आणि बायकांचा उल्लेख असलेल्या अर्जांना खाली ढकलू लागले. कंपनीने तो प्रयोग सोडून दिला. २०१८ मध्ये ही बातमी जगभर छापून आली. भरती करणाऱ्याची सवय यंत्रात कशी उतरते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. यंत्राला कोणीही 'बायका नकोत' असे लिहून दिले नव्हते, जसे गिरणीत कोणी नियम लिहिला नव्हता. उद्या भिवंडीत कोणी अशी प्रणाली आणली आणि तिला गेल्या दहा वर्षांची कंत्राटदारांची भरती शिकवली, तर ती कुठली आडनावे, कुठले जिल्हे, कुठली भाषा उचलेल, याचा अंदाज करायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. गिरणगावाचा इतिहास वाचलेला माणूस लागतो.

भाषेबद्दल फार बोलत नाही. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, भोजपुरी, तेलुगू रोज कानावर पडतात. हातातल्या पडद्यावरची सूचना आणि पगाराच्या पावतीवरची कपात बहुतेक वेळा इंग्रजीत असते.

राहिली ती आयोगाची अट : हा अधिकारी फक्त जनरल मॅनेजरला जबाबदार असावा. खात्यातल्या दबावापासून तो मोकळा राहावा, हा तिचा उद्देश. एकविसाव्या शतकात अधिकारी मोकळा झाला की नाही सांगता येत नाही, पण खाते मात्र लांब गेले. भिवंडीच्या गोदामाचा एचआर प्रमुख अनेकदा बंगळुरूत किंवा गुरगावात असतो. स्थानिक पातळीवर असतो तो कंत्राटदाराचा सुपरवायझर. तो माणसे आणतो, हजेरी पाहतो, रजा देतो, उद्या येऊ नकोस म्हणतो. त्याच्या खिशात मोबाइल आहे आणि त्याच्या व्हॉट्सॲप गटात शंभर-दीडशे मुले आहेत. पहाटे साडेपाचला तो निरोप टाकतो, आज चाळीस जण पाहिजेत. आधी उत्तर देणारा आत. १९३५ मध्ये बदली कार्ड काढावे लागले ते अशाच प्रकारच्या भरतीला आळा घालायला.

२०२० च्या कामगार संहितांनी गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द प्रथमच कायद्यात आणले. कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशे कामगारांवर आली, ही चांगली गोष्ट. त्याच वेळी विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहावरून वीस कामगारांवर गेली. म्हणजे भिवंडीच्या गाळ्यात माग वाटून घेणाऱ्यांना आता नातलगही पूर्वीपेक्षा कमी लागतील.